ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो : जुन्या गाडीच्या दिव्यांतील दोष शोधण्याचा क्रम

जुन्या पद्मिनीच्या किंवा अ‍ॅम्बेसेडरच्या दिव्यांत बिघाड झाला की नागपुरातील बहुतेक मालक ठरलेल्या वाटेने जातात. आधी फ्यूज बदलला जातो, मग बल्ब, मग स्विच, आणि एवढ्यावरही जमले नाही की कोणीतरी सुचवतो, ‘वायरिंगच नवी टाकून घ्या.’ ही वाट खर्चाची आहे आणि बहुधा चुकीचीही. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणणे, डिपर (हेडलाइटचा खालचा झोत) लावला असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांब झोताचा) निळा दिवा अंधूक पेटणे, खड्ड्यात चाक आदळले की मागचा दिवा लागणे किंवा विझणे, असे चक्रावणारे दोष फ्यूजमुळे होत नाहीत आणि स्विचमुळे क्वचितच होतात. अशा वेळी वीज बल्बपर्यंत बहुधा नीट पोहोचलेली असते. गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाण्याची तिची वाट, म्हणजे अर्थिंग, गंजलेली असते.

दुसरी चूक मापाची आहे. दिवा बंद असताना किंवा बल्ब काढून ठेवलेला असताना मीटर लावला जातो, १२ व्होल्ट दिसतात आणि ‘लाइन बरोबर आहे’ असे समजून माणूस भलतीकडे शोध घेऊ लागतो. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो आणि तेवढा प्रवाह त्या एका तारेतून मिळत नाही. म्हणून पुढील मापे, जिथे वेगळे सांगितलेले नाही तिथे, पेटत्या दिव्यावरच घ्यावयाची आहेत.

तयारी : साधने, जागा आणि वेळ

साधा डिजिटल मल्टीमीटर, गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरेल अशी चार-पाच मीटर जाड वायर, बारीक पॉलिश पेपर, लहान पितळी ब्रश, पेट्रोलियम जेली, मूळ क्षमतेचे सुटे फ्यूज आणि वही-पेन एवढे सामान पुरेसे आहे. त्यात घरी केलेला एक टेस्ट लॅम्प असावा. २१ वॅटच्या बल्बच्या होल्डरला दोन हातभर वायरी जोडाव्यात आणि त्यांच्या टोकांना क्रोकोडाइल क्लिपा लावाव्यात. बाजारात मिळणारा एलईडीचा टेस्टर या कामासाठी घेऊ नये. तो इतक्या कमी प्रवाहावर पेटतो की खराब जोडही त्याला चांगलाच वाटतो.

वेळ संध्याकाळची निवडावी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना दुपारी बोनेटला हात लावता येत नाही आणि भर उन्हात मिणमिणता दिवा दिसतही नाही. गाडीची मागची बाजू भिंतीपासून दोन-तीन फुटांवर येईल अशी उभी केली तर मागच्या दिव्यांचा उजेड भिंतीवर पडतो आणि आरशातून एकट्यालाही ब्रेकचे दिवे तपासता येतात.

अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडवताना बॉडीला जोडलेले टोक आधी काढावे आणि परत जोडताना ते सर्वांत शेवटी लावावे. याचे कारण साधे आहे: दुसरे टोक आधी सोडवायला गेल्यास पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट होतो. बॉडीला कोणते टोक जोडलेले आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे. पुढील वर्णन निगेटिव्ह टोक बॉडीला असलेल्या गाडीचे आहे. तुमच्या गाडीत उलट असल्यास मीटरच्या तारांची अदलाबदल समजून घ्यावी.

> इशारा : अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) असलेल्या गाडीचे इंजिन चालू असताना ‘चार्जिंग पाहण्यासाठी’ बॅटरीचे टोक काढू नये. अल्टरनेटरमधील डायोड त्याच क्षणी जळू शकतात.

टप्पा १ : स्क्रूला हात लावण्यापूर्वी दोष लिहून काढा

पार्किंग, डिपर, अप्पर, ब्रेक, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर असे एकेक दिवे क्रमाने लावावेत आणि काय पेटते, किती पेटते हे वहीत नोंदवावे. त्यानंतर जोड्या लावाव्यात: पार्किंगसह ब्रेक, पार्किंगसह डावा इंडिकेटर, मग तिन्ही एकत्र. जोड्यांची तपासणी लोक हमखास टाळतात आणि खरा सुगावा तिथेच असतो. एकटा दिवा कमजोर अर्थिंगवरही कसाबसा पेटतो. त्याच अर्थिंगवर दुसऱ्याचा भार पडला की ते उघडे पडते.

ब्रेक दाबल्यावर बंद असलेले पार्किंगचे दिवे का मिणमिणतात, ते एकदा समजून घेतले की निम्मे कोडे सुटते. मागच्या दिव्यात बहुधा २१ आणि ५ वॅटच्या दोन तारांचा (फिलामेंटचा) एकच बल्ब असतो आणि दोन्ही तारांची परतीची वाट बल्बच्या पितळी अंगातून होल्डरमार्गे बॉडीकडे जाते. होल्डरचा बॉडीशी संबंध तुटला की ब्रेकची वीज २१ वॅटच्या तारेतून येते, बाहेर पडायला जागा मिळत नाही म्हणून ५ वॅटच्या तारेतून उलटी फिरते, पार्किंगच्या वायरीत शिरते आणि समोरचे पार्किंगचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, डॅशबोर्डवरील मीटरमागचे दिवे यांतून बॉडी गाठते. वाटेत इतक्या तारा एकामागे एक आल्यामुळे कोणालाच पुरेसे व्होल्टेज मिळत नाही आणि सगळेच मिणमिणतात.

हेडलाइटमध्येही हाच खेळ असतो. एका हेडलाइटचे अर्थिंग गेले की डिपरची वीज त्याच बल्बच्या अप्परच्या तारेतून उलटी वाहते आणि डॅशबोर्डवरचा निळा दिवा अंधूक पेटतो. तो निळा दिवा पाहून डिपरचा स्विच बदलणारे मी बरेच पाहिले आहेत.

> पडताळणी : ब्रेक दाबल्यावर पार्किंगचे दिवे *मिणमिणत* असतील तर अर्थिंगचा संशय घ्यावा. ते *पूर्ण तेजाने* पेटत असतील तर अर्थिंग ठीक आहे. अशा वेळी टप्पा ३ मधील चुकीच्या बल्बची शक्यता आधी पाहावी.

फ्यूज वारंवार उडत असेल तर सरळ टप्पा ६ वर जावे.

टप्पा २ : बॅटरी आणि चार्जिंग

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे, पण तो वगळला तर पुढची सगळी मापे संशयास्पद ठरतात. गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यावा. १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी उतरलेली आहे आणि तिला चार्ज केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. आकडा १५ च्या वर चढत असेल तर व्होल्टेज रेग्युलेटर बिघडला आहे. ‘बल्ब महिन्याभरात उडतात’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते आणि दोष बल्बच्या कंपनीला दिला जातो.

डायनॅमो (अल्टरनेटरपूर्वीचे चार्जिंगचे यंत्र) असलेल्या गाडीत इंजिन मंद चालत असताना दिवे पिवळट होणे आणि वेग वाढवल्यावर उजळणे हा त्या यंत्रणेचा स्वभाव आहे. सिग्नलवर उभे असताना दिसणाऱ्या मंद उजेडाला बिघाड समजून वायरी उकलू नयेत.

टप्पा ३ : बल्ब आणि होल्डर

बल्ब काढून तार डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही. तुटलेल्या तारेचे टोक कधी कधी जागच्या जागी टेकून राहते आणि गाडी हलली की सुटते. दोन तारांच्या बल्बमध्ये एक तार तुटून दुसरीवर पडली तर दोन्ही सर्किटे एक होतात. प्रत्येक बल्ब बॅटरीवर थेट पेटवून आणि बोटाने टिचकी मारून पाहावा.

आता बुडाकडे पाहावे. बल्बच्या बुडावरचे शिशाचे थेंब वर्षानुवर्षे स्प्रिंगच्या दाबाने चपटे होतात आणि होल्डरमधल्या पितळी टिकलीपर्यंत पोहोचत नाहीत. होल्डरच्या आतील स्प्रिंग गंजून मऊ झाली असेल तर परिणाम तोच. अशा होल्डरमध्ये नवा बल्ब घातला की दिवा चालू होतो, दोष सुटल्यासारखा वाटतो आणि पंधरा दिवसांनी परत येतो.

दोन तारांच्या बल्बच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या मुद्दाम वर-खाली ठेवलेल्या असतात, म्हणजे तो एकाच रीतीने बसावा. तरीही झिजलेल्या होल्डरमध्ये तो जोर लावून उलटा बसवता येतो आणि मग पार्किंग लावले की ब्रेकचा दिवा पेटतो. याहून फसवी चूक म्हणजे दोन तारांच्या होल्डरमध्ये एका तारेचा बल्ब बसवणे. त्याच्या बुडावर एकच मोठा थेंब असतो आणि तो होल्डरमधल्या दोन्ही टिकल्यांना एकदम टेकून त्यांची सांधणी करून टाकतो. ब्रेक दाबताच सगळे पार्किंगचे दिवे झगझगीत पेटण्याचे कारण बहुधा एवढेच असते.

टप्पा ४ : अर्थिंग

इथे घाई करू नये. माझ्या अनुभवात कोड्यासारखे वाटणारे बहुतेक दोष याच टप्प्यावर सुटतात.

क्रम असा ठेवावा. तक्रार असलेला दिवा लावून ठेवावा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून त्याची काळी तार लांब वायरीच्या मदतीने बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर लावावी. खुंटीवर कसलेल्या क्लॅम्पवर लावू नये, कारण खुंटी आणि क्लॅम्प यांच्यातही दोष असू शकतो. लाल तार पेटत्या बल्बच्या पितळी अंगावर टेकवावी. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर परतीची वाट मोकळी आहे. तो ०.५ च्या वर असेल तर तेवढे व्होल्टेज दिव्याऐवजी गंजात खर्च होत आहे.

आता लाल तार एकेक मुक्काम मागे सरकवावी: बल्बचे अंग, होल्डरची कडा, होल्डर धरणारा स्क्रू, शेजारचा खरवडलेला पत्रा, बॅटरीची अर्थ वायर बॉडीला जिथे बोल्टने कसली आहे ती जागा, आणि शेवटी क्लॅम्प. ज्या दोन मुक्कामांच्या मध्ये आकडा एकदम खाली येतो, दोष त्या दोहोंच्या मध्येच असतो. त्यासाठी आणखी काही उघडावे लागत नाही.

माझ्या पद्मिनीचे उदाहरण देतो. गाडी पोर्चमध्ये ज्या खिडकीखाली उभी असे, तिथे उन्हाळ्याचे चार महिने कूलर लावलेला असायचा आणि त्याचे पाणी डिकीच्या डाव्या कोपऱ्यावर ठिबकायचे. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर डावा इंडिकेटर ब्रेकसोबत मिणमिणू लागला. एका वायरमनने आधी फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) बदलला आणि मग इंडिकेटरचा स्विचही. दोष होता तसाच राहिला. शेवटी वरील रीतीने मोजले तेव्हा बल्बच्या अंगावर ४.६ व्होल्ट, होल्डरच्या स्क्रूवर ४.५ आणि स्क्रूपासून बोटभर अंतरावरच्या पत्र्यावर ०.१ आले. स्क्रू काढला तर पितळी पट्टी आणि लोखंडी पत्रा यांच्यामध्ये हिरवट-पांढऱ्या भुकटीचा थर होता, नखाने खरवडला की गळून पडणारा. पॉलिश पेपर, नवा स्क्रू आणि दातेरी वायसर एवढ्यावर काम झाले. कूलरखाली मात्र आता पन्हळी लावली आहे.

गंजाशिवाय दुसरे मोठे कारण म्हणजे नुकतेच झालेले डेंटिंग-पेंटिंग. गाडी रंगवून आल्यावर दिव्यांच्या तक्रारी सुरू झाल्या असतील तर वायरिंगकडे पाहूच नये. पुट्टी, प्रायमर आणि रंग यांचा थर अर्थिंगच्या प्रत्येक जागेवर चढलेला असतो. स्क्रूखालचा रुपयाएवढा भाग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावा, जोड कसावा आणि *त्यानंतर* वरून पेट्रोलियम जेली लावावी.

> पडताळणी : दुरुस्तीपूर्वी खात्री करायची असेल तर जाड वायरीचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे होल्डरच्या धातूच्या अंगाला लावावे. दिवा लगेच सरळ वागू लागला तर निदान पक्के झाले. वायर चुकूनही होल्डरच्या मधल्या टिकलीला टेकू देऊ नये; तो थेट शॉर्ट आहे.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टीही पाहावी. क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम झाल्यावर ती लावायचीच राहून जाते. मग स्टार्टरचा प्रवाह चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते.

टप्पा ५ : पुरवठ्याची बाजू

अर्थिंग चांगले निघाले आणि दिवा तरीही मंद असेल तर तीच पद्धत दुसऱ्या बाजूने वापरावी. दिवा पेटता ठेवून मीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि काळी बल्बला वीज देणाऱ्या टोकावर लावावी. येणारा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्टेज. हेडलाइटसाठी अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तोटा चालवून घेऊ नये. बल्बवरचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून दीड व्होल्ट हरवलेल्या गाडीत रात्री काटोल रोडवर समोरचे काहीच दिसत नाही आणि मालक जास्त वॅटचे बल्ब घ्यायला धावतो.

ती चूक करू नये. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब अप्परवर १० अँपिअर ओढतात; १०० वॅटचे दोन बल्ब १६ पेक्षा जास्त. जुन्या स्विचमधून तेवढा प्रवाह गेला की आतील संपर्क जळतात आणि वायरीचे आवरण वितळते. दिवे दहा मिनिटे लावून ठेवावेत आणि स्विचच्या मागे हात लावावा. तो गरम लागत असेल तर तोटा तिथेच आहे. यावर टिकाऊ उपाय म्हणजे डिपर आणि अप्परसाठी एकेक रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लावणे, त्यांना बॅटरीपासून फ्यूजमार्गे स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची वायर देणे आणि जुन्या स्विचला फक्त रिले चालवण्याचे हलके काम ठेवणे.

फ्यूज तपासताना तार शाबूत आहे एवढे पाहून थांबू नये. दोन्ही टोकांना निमुळत्या, उघड्या पट्टीच्या फ्यूजमध्ये टोकांवर आणि त्यांना धरणाऱ्या पितळी चिमट्यांवर काळपट थर बसतो. फ्यूज जागच्या जागी दोनदा फिरवल्यावर दिवा सुधारला तर चिमटे घासून आत दाबून घ्यावेत. डिपरचा स्विच ज्या गाड्यांत पायाशी असतो, तिथे पावसाळ्यात चटईखाली साचलेले पाणी त्याच्या जोडांत शिरते. चटई उचलून पाहिल्याशिवाय स्विच विकत घेऊ नये.

वायरीच्या रंगांविषयी एक सूचना. ब्रिटिश पद्धतीच्या वायरिंगमध्ये काळी वायर अर्थची, लाल पार्किंगची, निळी-पांढरी अप्परची, निळी-लाल डिपरची, हिरवी-लाल डाव्या आणि हिरवी-पांढरी उजव्या इंडिकेटरची असते. पण चाळीस वर्षांत गाडी किती हातांखालून गेली ते आपल्याला ठाऊक नसते. वायरमनने त्या दिवशी हाताशी असलेली वायर वापरलेली असते. रंगावरून अंदाज बांधावा, निर्णय मीटरवरून घ्यावा.

टप्पा ६ : फ्यूज वारंवार उडत असेल तर

> इशारा : जास्त क्षमतेचा फ्यूज, सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तांब्याची तार लावून ‘एकदा चालवून पाहू’ असे कधीही करू नये. फ्यूज जळत नाही तेव्हा वायर जळते, आणि जुन्या गाडीत पेट्रोलची नळी तिच्यापासून फार लांब नसते.

एकामागून एक फ्यूज खर्च करण्याऐवजी फ्यूज काढून त्या जागी टेस्ट लॅम्पच्या क्लिपा लावाव्यात. त्या सर्किटचे सगळे बल्ब काढून ठेवावेत आणि स्विच चालू करावा. वायर कुठेही बॉडीला लागली नसेल तर टेस्ट लॅम्प पेटायला नको. तो पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट आहे, पण आता प्रवाह पावणेदोन अँपिअरपुरता मर्यादित झाला असल्यामुळे कितीही वेळ शांतपणे शोधता येतो. एकेक जोड सोडवत जावे; ज्या जोडाला लॅम्प विझेल, त्याच्या पलीकडे दोष आहे. लॅम्प मधूनमधून पेटत असेल तर वायरीचा जुडगा हलवत पुढे जावे. डिकीच्या बिजागरीजवळ, दारातून जाणाऱ्या वायरीवर आणि पत्र्याच्या भोकातील रबरी बुच निघाले असेल तिथे आधी पाहावे. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेले आवरणही शोधावे.

टप्पा ७ : इंडिकेटरचे वेगळे गणित

जुना फ्लॅशर प्रवाहाच्या उष्णतेवर चालतो, म्हणून त्याला ठरावीक वॅटचा भार लागतो. एकाच बाजूचा वेग बदलला किंवा उघडझाप थांबली तर दोष त्या बाजूच्या बल्बमध्ये किंवा अर्थिंगमध्ये शोधावा. फ्लॅशर दोन्ही बाजूंना एकच असल्यामुळे तो निर्दोष आहे. दोन्ही बाजू बंद असतील तर फ्लॅशरची येणारी आणि जाणारी टोके क्षणभर जोडून पाहावीत. दिवे स्थिर पेटले तर फ्लॅशर बदलावा.

जुन्या फ्लॅशरवर एलईडी बल्ब बसवले की उघडझाप बिघडतेच. शिवाय डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच सूचक दिवा असेल, तर एक बाजू लावली असता चारही इंडिकेटर एकदम लुकलुकू शकतात. तो दिवा डाव्या आणि उजव्या सर्किटच्या मध्ये जोडलेला असतो आणि त्यातून झिरपणारा थोडासा प्रवाहही पलीकडच्या एलईडीला पेटायला पुरतो. मूळचे २१ वॅटचे बल्ब परत लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

टप्पा ८ : दुरुस्तीनंतरची तपासणी

नुसत्या पिळलेल्या वायरीवर टेप गुंडाळून काम संपवू नये. नागपूरच्या उन्हात टेपचा डिंक विरघळतो आणि पहिल्या पावसापूर्वीच जोड उघडा पडतो. योग्य मापाचे थिंबल (वायरीच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा) दाबून बसवावे आणि त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी.

त्यानंतर टप्पा १ मधील जोड्यांची तपासणी पुन्हा करावी आणि टप्पा ४ चे माप परत घेऊन नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहावा. मग गाडी खराब रस्त्यावर वीस मिनिटे फिरवावी, परत आल्यावर मागच्या दिव्यांवर बादलीभर पाणी ओतावे, डिकी उघडून दिव्यांच्या रबराखालून ओल आत आली आहे का ते बोटाने तपासावे आणि ब्रेक व पार्किंग एकत्र लावून भिंतीवरचा उजेड पुन्हा एकदा पाहावा.